बाबांसाठी जिम रीव्हजची गाणी हवी आहेत (आणि एक घोड्याचं गाणं ओळखायचं आहे)

सुप्रिया_बदलापूर

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात माझे बाबा ७८ पूर्ण करतील. त्यातली २९ वर्षं बोटीवर गेली, आणि तीही सगळी इंजिन रूममध्ये. ऑइलर म्हणून चढले, फिटर म्हणून निवृत्त झाले. कान तिथेच गेले. आता मशीन लावतात, तरी आईचं बोलणं त्यांना नीट लागत नाही, नातवंडांचं तर नाहीच. बातम्या लावल्या की आवाज बंद करून खालची पट्टी वाचतात.

मागच्या रविवारी भाचा फोनवर काहीतरी शोधत होता आणि चुकून एक जुनं इंग्रजी गाणं लागलं. बाबा खिडकीपाशी नखं कापत बसले होते. नेलकटर तसंच हातात धरून उठले, पोराच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "हा जिम रीव्हज." मग गाण्याच्या बरोबरीनं पुढचे शब्द म्हणायला लागले. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघत राहिली. कित्येक महिन्यांत बाबांना एखादी गोष्ट पहिल्याच झटक्यात ऐकू गेली नव्हती.

त्यांच्याकडे जिम रीव्हजच्या पाच-सहा कॅसेट होत्या, सिंगापूरला घेतलेल्या. २००५ च्या जुलैत घरात पाणी शिरलं, तेव्हा ट्रंकेसकट गेल्या. मला वाढदिवसाला त्यांच्यासाठी गाणी भरून ठेवायची आहेत. मी या गायकाचं काहीच ऐकलेलं नाही. कोणती घेऊ?

दुसरं म्हणजे एक गाणं ओळखायचं आहे. मी लहान असताना बाबा सुट्टीवर आले की रात्री एक गोष्ट सांगायचे. एक माणूस घोडा घेऊन बर्फातून घरी चाललेला असतो. घोडा लंगडतोय, वारा सुटलाय. घोड्याचं नाव डान्या. माणूस त्याच्याशी बोलत जातो, चल रे डान्या, सातच मैल राहिले, चल रे डान्या, पाचच मैल राहिले. शेवटी मेरीअ‍ॅन दार उघडते, त्याला गरम पेज आणि भाजलेला बांगडा वाढते, डान्याला सुकं गवत घालते. ही गोष्ट सांगताना बाबा मध्ये मध्ये एक चाल गुणगुणायचे. ती एखाद्या गाण्याची असावी असं मला नेहमी वाटत आलंय. याच गायकाचं आहे का ते?

निशाद_नागपूर

'हील हॅव टू गो' पहिलं टाका. मग 'वेलकम टू माय वर्ल्ड', 'आय लव्ह यू बिकॉज', 'डिस्टंट ड्रम्स'. बाबांच्या पिढीत ज्यांनी जिम रीव्हज ऐकला, त्यांनी ही चार ऐकलेली असणारच. घोड्याचं मला माहीत नाही, कुणी सांगितलं तर मलाही हवंय.

रेकॉर्डिस्टकाका

सुप्रियाताई, तुमचं लिहिणं वाचून बराच वेळ तसाच बसलो. मी मुंबईत ३१ वर्षं रेकॉर्डिंग आणि डबिंगचं काम केलं. आमचे गुरुजी नव्या पोराला पहिल्या दिवशी कुठल्याच बटणाला हात लावू द्यायचे नाहीत. हेडफोन कानाला लावून जिम रीव्हज ऐकवायचे आणि विचारायचे, "माणूस किती लांब बसलाय, सांग." उत्तर एकच होतं, चार बोटं. त्यामुळे तुमच्या बाबांना इतर काही न लागता नेमका हाच आवाज का लागला, याबद्दल मला जरा सविस्तर लिहू द्या.

इंजिन रूममध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचे आधी वरचे सूर जातात. बायकांचे आणि मुलांचे आवाज, स, श, फ, त असली अक्षरं त्या वरच्या भागात असतात. म्हणून आईंचं बोलणं त्यांना 'ऐकू येतं पण कळत नाही' असं होत असणार. खालचे सूर बऱ्याचदा शाबूत राहतात. आणि रीव्हजचा आवाज जवळजवळ सगळा खालीच आहे. शब्द सावकाश येतात, दोन शब्दांत जागा असते, मागे वाद्यांची गर्दी नसते. शब्द बाबांना पाठच आहेत, तेव्हा जी अक्षरं कानातून निसटतात ती डोकं भरून काढतं. म्हणून पहिल्या फटक्यात ओळखलं.

पण हा माणूस सुरुवातीला असा गात नव्हता. टेक्सासचा. आधी बेसबॉल खेळायचा, चेंडू टाकणारा होता. पायाची शीर दुखावली, खेळ सुटला, मग श्रीव्हपोर्टच्या केडब्ल्यूकेएच रेडिओवर निवेदक झाला. १९५३ ची 'मेक्सिकन जो' किंवा त्या सुमाराची 'बिंबो' ऐका. आवाज वरच्या पट्टीत, मोठा, जत्रेत उभं राहून गावं तसा. तेव्हाच्या कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या वळणाचं गाणाऱ्या, गायकांची तीच रीत होती. 'मेक्सिकन जो' पहिल्या क्रमांकावर गेलं, म्हणजे त्या रीतीनं त्याचं चांगलं चाललं होतं.

१९५७ साली 'फोर वॉल्स' आलं. हे गाणं मुळात बाईनं गायचं म्हणून लिहिलेलं. रीव्हजला ते हवं होतं. त्यानं पट्टी खाली आणली, आवाज कमी केला आणि ओठ माइकला जवळजवळ टेकवून गायला. आरसीए या रेकॉर्ड कंपनीत काहींना हे पसंत नव्हतं, पण निर्माता चेट अ‍ॅटकिन्स त्याच्या बाजूनं उभा राहिला. गाणं कंट्रीच्या यादीत पहिलं आलं आणि पॉपच्या यादीत ११ वं. तिथून पुढे तो परत कधी ओरडून गायला नाही.

माइकच्या इतक्या जवळ गेलं की खर्ज आपोआप फुगतो. आमच्या कामातली ही रोजची गोष्ट. नवखा माणूस जवळ गेला तर प आणि ब फुटतात, श्वास फुसफुसतो, आवाज नुसता घुमतो. 'फोर वॉल्स'मध्ये एकही प फुटलेला नाही. तो श्वास कुठे घेतो ते शोधायला मला बराच काळ लागला. ओळ संपायच्या आत शेवटचं अक्षर हलकं सोडून देतो आणि त्या पोकळीत श्वास घेतो. रेडिओवर निवेदक म्हणून काढलेली वर्षं तिथे कामाला आली, असं माझं ठाम मत आहे. निवेदक हजारो लोकांशी बोलतो, पण एकाच माणसाशी बोलल्यासारखा. रीव्हज गातो तेही तसंच.

'हील हॅव टू गो' तर आख्खं गाणंच जवळ येण्यावर आहे. एक माणूस बारमधून फोन करतोय. पलीकडे त्याची बाई आहे, तिच्याजवळ दुसरा कुणी बसलाय. हा तिला सांगतो, फोन ओठांच्या जवळ धर, मी इथे गाण्याचा आवाज कमी करायला सांगतो, आणि तुझ्या त्या मित्राला सांग की त्याला निघावं लागेल. राग नाही, आवाज चढत नाही. जो आणि ऑड्री अ‍ॅलिसन या नवरा-बायकोनं ते लिहिलं. ऑड्री फार हळू बोलायची, फोनवर जोला ऐकू यायचं नाही, मग तो तिला फोन तोंडाजवळ धरायला सांगायचा, त्यातून ते सुचलं. १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ बीमध्ये ते मुद्रित झालं. सुरुवातीला रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं होतं, पुढच्या बाजूचं गाणं दुसरंच. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटली. १९६० मध्ये कंट्रीच्या यादीत १४ आठवडे पहिलं राहिलं. त्याच वर्षी जीन ब्लॅक नावाच्या गायिकेनं त्या बाईच्या बाजूनं उत्तराचं गाणं गायलं, तेही खूप चाललं.

हे ऐकताना मागच्या व्हायब्राफोनकडे (धातूच्या पट्ट्यांवर काठीनं वाजवायचं वाद्य) लक्ष द्या. थेंब पडावा तसा एकेक सूर पडतो. फिडल नाही, स्टील गिटार नाही. त्याआधीच्या कंट्रीत ही दोन वाद्यं गायकाच्या गळ्यात गळा घालून असायची. अ‍ॅटकिन्सनं ती काढून मागे कोरस आणि मऊ पियानो ठेवला. पुष्कळ जुने रसिक यावरून अ‍ॅटकिन्सवर नाराज होते, कंट्रीचा जीव काढला म्हणायचे. मला त्या जुन्या रीतीचा गायक हँक विल्यम्सही प्राणाहून प्रिय आहे, पण त्या मोकळ्या जागेशिवाय हा आवाज आपल्यापर्यंत पोचला नसता.

आता तुमची दुसरी गोष्ट. गाणं मी ओळखलंय. 'द ब्लिझर्ड'. १९६१, लिहिलंय हार्लन हॉवर्डनं. घोड्याचं नाव डॅन, तोच तुमचा डान्या. मेरी अ‍ॅनही आहे, सात मैलही आहेत, पाच मैलही आहेत. वारा बाईच्या किंकाळीसारखा वाटतोय, असंही त्यात येतं. गवताच्या उबदार गोठ्याची आठवण देऊन तो घोड्याला पुढे नेतो.

फक्त एक गोष्ट लिहावी की नाही, याचा विचार करतोय. गाण्याचा शेवट तुमच्या गोष्टीसारखा नाही. तुम्ही ते बाबांबरोबर ऐकणार आहात म्हणून आधीच सांगतो. शेवटी घोडा उठत नाही. माणूस त्याला म्हणतो, बरं, जरा थांबून विसावा घेऊ, आणि तेव्हा घर शंभर यार्डांवर असतं. पहाटे वादळ शमल्यावर लोकांना तो सापडतो, हात लगामाला गोठून चिकटलेले. एकटा चालत गेला असता तर पोचला असता, पण डॅनला सोडवेना.

रीव्हज हे शेवटचं कडवं आधीच्या कडव्यांसारखंच गातो, आवाज जराही न हलवता. मी ते शेकडो वेळा ऐकलंय आणि दर वेळी त्या ठिकाणी माझा हात थांबतो.

वसईची_जेसी

काका, किती छान लिहिलंत.

आमच्याकडे वसईत जिम रीव्हज म्हणजे घरचाच माणूस. माझ्या आजीला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, चर्चमधला मिस्सा मराठीतला, घरात बोलणं आमच्या बोलीतलं. पण डिसेंबर लागला, अंगणात नाताळचा गोठा (येशूजन्माचा देखावा) करायला घेतला की ती म्हणायची, "त्याला लावा." त्याला म्हणजे जिम रीव्हजला. १९६३ ची त्याची नाताळच्या १२ गाण्यांची रेकॉर्ड होती, त्यातलं 'अ‍ॅन ओल्ड ख्रिसमस कार्ड' लागलं की ती गोठ्यासाठी आणलेलं भाताचं तूस बोटांनी पसरत गप्प बसायची. काय कळायचं तिला, मी कधी विचारलं नाही.

ती गेली तेव्हा माझ्या काकांनी घरी 'धिस वर्ल्ड इज नॉट माय होम' लावलं. तेही घ्या यादीत. अंत्ययात्रेचं वाटून घाबरू नका, चाल हलकी आणि चालती आहे.

'अ‍ॅडिओस अमिगो' सुद्धा घ्या. दोन मित्र, एकाच मुलीवर प्रेम, एक जण बाजूला होऊन निरोप घेतो. बोटीवरच्या माणसाला आवडेल. आमच्या गावातले कितीतरी जण बोटीवर होते, त्यांचं हे लाडकं.

पूर्व_टेक्सासहून

मी डॅलसला असतो, मूळचा सांगलीचा. दोन वर्षांपूर्वी कार्थेजला गेलो होतो, गाडीनं तीन तासांच्या आत. चीडाच्या झाडांचा मुलूख, लाल माती. याच भागात गॅलोवे नावाच्या वस्तीत २० ऑगस्ट १९२३ ला रीव्हज जन्मला, आणि त्याची समाधीही इथेच, हमरस्त्याच्या कडेला. त्याचा पूर्णाकृती पुतळा आहे, हातात गिटार. त्याचा कुत्राही तिथेच पुरलाय. दगडावर कोरलंय त्याचा आशय असा, की एका साध्या गायकाच्या गाण्यानं कुणाचा एक अश्रू पुसला गेला, तर एकही कडवं वाया गेलं नाही.

मी गेलो त्या दुपारी तिथे दुसरं कुणी नव्हतं. आमच्या वडिलांसाठी फोनवर फोटो काढले. वडील म्हणाले, पुतळ्याला हार नाही घातलास? हार कुठून आणू. गाडीत पाण्याची बाटली होती, पायथ्याशी एक रोपटं सुकलं होतं त्याला पाणी घातलं.

तो गेला ३१ जुलै १९६४ ला. स्वतःच छोटं विमान चालवत होता, बरोबर पियानोवादक डीन मॅन्युएल. नॅशव्हिलच्या जवळ येऊन पावसाच्या वादळात सापडले. दोन दिवस शोध चालला. ४१ वा वाढदिवस तीन आठवड्यांवर होता. काकांनी 'द ब्लिझर्ड'चा शेवट लिहिला तो वाचताना मला हेच आठवलं, की हाही घराजवळ आला होता.

'डिस्टंट ड्रम्स' त्याच्यानंतर, १९६६ मध्ये आलं. सिंडी वॉकरचं गाणं, त्यानं नुसतं नमुन्यादाखल गाऊन ठेवलेलं. त्यावर मागाहून वाद्यवृंद चढवला. इंग्लंडमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. युद्धाला बोलावणं येईल त्याआधी माझ्याशी लग्न कर, असं त्यात मेरी नावाच्या मुलीला सांगितलंय. त्याच्या बायकोचं नावही मेरी, आणि त्याच्यामागे ही गाणी जपून एकेक करून बाहेर आणणारीही तीच.

रेकॉर्डिस्टकाका

टेक्सासकर, त्या रोपट्याला पाणी घातलंत, फार बरं केलंत.

सुप्रियाताई, गाणी भरताना एक सांभाळा. त्याच्यानंतर पुष्कळ गाण्यांवर नवी वाद्यं, नवे कोरस चढवले गेले. 'डिस्टंट ड्रम्स'ची गोष्ट वेगळी, ते जगासमोर आलंच तसं. बाकीची मूळ मुद्रणंच घ्या. तुमच्या बाबांच्या कानाला मागची गर्दी जितकी कमी तितकं बरं. बास वाढवू नका, खर्ज भरपूर आहेच, आणखी वाढवला तर शब्द चिखलात जातील. शक्य असेल तर मशीन काढून मोठे, कानभर बसणारे हेडफोन लावा. मशीन ठेवून हेडफोन लावला तर शिट्टी मारतं. आवाज हळूहळू वाढवा, उरलेला कान जपायचाय.

जेसीताईंच्या आजीबद्दल एक. रीव्हज १९६२ साली दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला, लोकांनी डोक्यावर घेतलं. मग त्यानं आफ्रिकान्समध्ये गाणी म्हटली. भाषा येत नव्हती, उच्चार घटवून गायला. पुढच्या वर्षी आयर्लंडला गेला तर तिथल्या सभागृहांतल्या बेसूर पियानोंनी त्याला हैराण केलं, कारण बेसूर त्याला सहन होत नसे. न येणाऱ्या भाषेत गाणारा हा, आणि न येणाऱ्या भाषेतलं ऐकणारी ती आजी. तिला काय कळत होतं ते मला वाटतं त्याला माहीत असणार.

माझी आणखी दोन नावं. 'अ‍ॅम आय लूजिंग यू', हे त्यानं स्वतः लिहिलेलं. आणि 'बिली बायू', रॉजर मिलरचं. ते मजेचं आहे, वाढदिवसाला एक तरी मजेचं असू द्या.

सुप्रिया_बदलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. वाढदिवसापर्यंत मला धीर धरवला नाही. भाच्याचे मोठे हेडफोन आणले, बाबांचं मशीन काढून डबीत ठेवलं आणि काकांनी सांगितलं तसं 'फोर वॉल्स'पासून लावलं. बाबा ताठ बसले होते. दुसऱ्या गाण्याला चप्पल काढून मांडी घातली.

'द ब्लिझर्ड' मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. लागलं आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आदल्या रात्री एकटीनं ऐकून घेतलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघत ऐकणं वेगळं होतं. ते डोळे मिटून उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत होते. बोटीवरून परत आले की पहिले काही दिवस त्यांचा हात असाच चालायचा.

संपल्यावर हेडफोन काढले. मी पाटीवर लिहून विचारलं (आमच्याकडे त्यांच्यासाठी एक छोटी पाटी असते), "तुम्ही सांगायचात तेव्हा तो घरी पोचायचा."

बाबा वाचून जरा थांबले. मग ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं म्हणाले, "तू सहा वर्षांची होतीस. दहा दिवसांनी मी परत जायचो. नऊ महिने. शंभर पावलांवर राहिला म्हणून सांगायचं होतं होय तुला?"

पेज आणि बांगडा कुठून आला, तेही विचारलं. म्हणाले, तुझी आजी मला तेच वाढायची, दाभोळला, बोटीवरून आलो की पहिल्या रात्री.

आईनं ते गाणं कधीच ऐकलेलं नव्हतं, गोष्टही तिला माझ्याइतकीच माहीत. काल संध्याकाळी बाबांनी तिला सगळं सांगितलं, खऱ्या शेवटासकट. ती चहाचे कप उचलत होती. पाठमोरीच होती, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "सोडून द्यायचा होता घोडा."

मशीन अजून डबीतच होतं. बाबांनी मान वळवली.

"डान्याला?"